निर्जीव पाय का उडतात? एका आचक्याचा इतिहास

२०११च्या उन्हाळ्यात माझे मोठे मामू मिरजेत एका इमारतीच्या परांचीवरून पडले. तिसऱ्या मजल्याचं रंगकाम सुरू होतं. जीव वाचला, पण पाठीच्या मणक्याला मार बसून कमरेखालचं शरीर गेलं. डॉक्टरांनी अब्बांना बाजूला घेऊन सांगितलं की, मज्जारज्जूला जबर दुखापत आहे, पाय हलतील अशी आशा ठेवू नका.

दोन महिन्यांनी एका रात्री पाय हलला. मामू झोपेत होते. उजवा गुडघा झटक्यात पोटापर्यंत आला आणि अंगावरची चादर पलंगाखाली गेली. नानी शेजारीच झोपायची. “पांव हल्या! देखो, पांव हल्या!” म्हणत तिने अख्खं घर उठवलं. सकाळी गल्लीत पेढे वाटले. मी तेव्हा कॉलेजात होतो. ते पेढे मीच आणले होते.

महिनाभरात आमची समजूत गळून पडली. पाय हलत होते, पण मामूंच्या सांगण्यावरून नाही. दिवसातून वीस-पंचवीस वेळा आचके यायचे. लुंगी बदलताना, लघवीची नळी हलली की, गार पाणी लागलं की दोन्ही पाय ताठ व्हायचे आणि कात्रीसारखे एकमेकांत अडकायचे. दोनदा त्या झटक्याने ते चाकाच्या खुर्चीतून खाली आले. मग मी आणि मामेभाऊ त्यांचे पाय ओढणीने खुर्चीला बांधू लागलो. मामू काही बोलायचे नाहीत. एकदाच म्हणाले, “पांव मेरे नै रहे, फिर बी मार मेरेकूच पडती.”

त्या पायांना काय होत होतं, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. त्यासाठी वैद्यकाचा इतिहास वाचावा लागला. वाचताना एक गोष्ट ध्यानात आली. डॉक्टरांच्या जगाने आधी या रुग्णांना सोडून दिलं, मग आचका कापून काढायचा प्रयत्न केला, आणि तो आला कशामुळे हे नीट विचारायला फार उशीर लावला. आमच्या घरातल्या चुकाही जवळपास याच क्रमाने झाल्या.

‘उपचार करू नये असा आजार’

मणक्याच्या दुखापतीची सर्वांत जुनी नोंद इजिप्तमध्ये सापडते. ‘एडविन स्मिथ पपायरस’ या नावाने ओळखली जाणारी ही गुंडाळी इसवी सनापूर्वी १६००च्या सुमारासची आहे. तिच्यात ४८ रुग्णांची वर्णनं आहेत. त्यातल्या एकाच्या मानेचा मणका सरकलाय, त्याला हातापायांची जाणीव नाही आणि लघवी नकळत गळतेय. वैद्याचा निर्णय असा, की हा उपचार करण्याजोगा आजार नाही.

पुढची अडीच हजार वर्षं या निर्णयात फारसा बदल झाला नाही. दहाव्या शतकाच्या अखेरीस कुर्तुब्याचे शल्यविशारद अबुल कासिम अल-जहरावी यांनी ‘किताब अल-तसरीफ’ लिहिला. मोडलेल्या मणक्याबद्दल लिहिताना ते वैद्याला सांगतात, आधी रुग्णाचे हातपाय पाहा. ते लुळे आणि बधिर असतील तर बहुधा आशा नाही. त्यांच्या नंतरच्या पिढीतले इब्न सिना ‘अल-कानून’मध्ये आचक्यांवर सविस्तर लिहितात. त्यांचा शब्द आहे ‘तशन्नुज’. उर्दूत आणि युनानी हकिमांच्या बोलण्यात तो आजही आहे. त्यांच्या मते आचका दोन कारणांनी येतो. एक म्हणजे ओलाव्याने स्नायू-शिरा फुगून आखडतात, किंवा कोरड्या पडून आक्रसतात. ही मांडणी ग्रीकांकडून आलेली होती आणि शतकानुशतकं टिकली. आमच्या गल्लीतल्या एका जाणत्यानेही मामूंसाठी हेच निदान केलं होतं. “शिरा सुकल्यात, तेल जिरवा.” सहा महिने आम्ही तेल जिरवत होतो.

कासव, बेडूक आणि सैनिक

आचक्याचं खरं कोडं सुटायला सुरुवात झाली ती १८३३ मध्ये. मार्शल हॉल या इंग्रज डॉक्टराने डोकं वेगळं केलेल्या प्राण्यांवर केलेले प्रयोग रॉयल सोसायटीपुढे मांडले. मेंदूशी संबंध तुटल्यावरही कासवाचा किंवा बेडकाचा पाय टोचलं की आखडत होता. म्हणजे हुकूम मेंदूतून येत नव्हता. पायाची खबर मज्जारज्जूपर्यंत जायची आणि तिथूनच आज्ञा परत यायची. यालाच आपण प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतो. तव्याला बोट लागलं की आधी हात मागे येतो आणि मग चटका जाणवतो, ते याच वाटेमुळे.

निरोगी शरीरात मेंदू या वाटेवर लगाम धरून असतो. मज्जारज्जूला इजा झाली की तो लगाम सुटतो. पहिले काही आठवडे इजेखालचा मज्जारज्जूही सुन्न पडलेला असतो. त्याला ‘स्पायनल शॉक’ म्हणतात. हा शब्दही हॉलच्याच नावावर आहे. सुन्नपणा ओसरला की खालचा मज्जारज्जू जागा होतो, पण आता त्याला आवरणारं कुणी नसतं. उलट तो आधीपेक्षा जास्त हळवा झालेला असतो. चादरीचा स्पर्शही त्याला पुरतो.

नानीने त्या रात्री पाहिलं ते हे जागं होणं होतं. मनात आणलं आणि अंगठा हलला, तर ती सुधारणेची खूण मानता येते. आपोआप उडालेला पाय ती खूण नसते. हा फरक आम्हाला कुणी दोन वाक्यांत सांगितला असता, तर नंतर तीन गावांच्या तीन ‘खात्रीशीर’ उपचारांवर खर्च झालेले पैसे वाचले असते.

माणसातलं हे चित्र पहिल्या महायुद्धात स्पष्ट झालं. मज्जारज्जू पूर्ण तुटला की खालच्या प्रतिक्षिप्त क्रिया कायमच्या जातात, असं तोवर पुष्कळ डॉक्टर मानत. बहुतेक रुग्ण लघवीच्या किंवा जखमांच्या संसर्गाने लवकर मरत, त्यामुळे पुढचं पाहायला मिळतच नव्हतं. हेन्री हेड आणि जॉर्ज रिडॉक यांनी लंडनमध्ये जखमी सैनिकांची महिनोन्‌महिने निरीक्षणं केली आणि १९१७ मध्ये ती ‘ब्रेन’ या नियतकालिकात छापली. तळपायाला टोचलं की दोन्ही पाय पोटाकडे उडत, त्याच वेळी लघवी सुटे आणि अंगाला घाम फुटे. सैनिकाला टोचल्याचं कळतही नसे. या सामूहिक उसळीला त्यांनी ‘मास रिफ्लेक्स’ म्हटलं.

कापून टाका

कारण कळलं, तसा उपायही सुचला. चार्ल्स शेरिंग्टन यांनी १८९८ मध्ये मांजरांवरच्या प्रयोगांत दाखवलं होतं की, खबर आत आणणारी मज्जातंतूंची मागची मुळं कापली की ताठरलेला पाय सैल पडतो. जर्मनीतल्या ब्रेस्लाऊचे ऑटफ्रिड फोर्स्टर यांनी १९०८ मध्ये हेच माणसावर केलं. पुढे आजारी लेनिनवर उपचार करायला ज्यांना मॉस्कोला बोलावलं गेलं, ते हेच फोर्स्टर. १९४५ मध्ये बोस्टनचे डोनाल्ड मन्रो यांनी उलट बाजू धरली. त्यांनी आज्ञा बाहेर नेणारी पुढची मुळं कापली.

ज्यांना शस्त्रक्रिया नको, त्यांच्यासाठी सुई होती. १९४०च्या दशकात पाठीच्या पाण्यात मद्यार्क टोचून मुळं जाळली जाऊ लागली. १९५९ पासून त्यासाठी फिनॉल आलं. ग्लिसरिनमध्ये मिसळलेलं फिनॉल पाठीच्या पाण्यापेक्षा जड असतं. म्हणून रुग्णाला टेबलावर तिरपं करून ते हव्या त्या मुळांपर्यंत उतरवलं जाई.

या डॉक्टरांना निर्दय ठरवणं सोपं आहे. पण त्यांच्यासमोरच्या रुग्णांचे गुडघे छातीला चिकटून कायमचे वाकलेले असत, घर्षणाने कातडी फाटलेली असे, झोप मिळत नसे. त्यांना सुटका मिळाली हे खरं. तिची किंमत मात्र नंतर कळायची. मुळं गेली की पाय पूर्ण लुळे पडत. स्नायू झडत, हाडावरची गादी जाई आणि बसल्या जागी जखमा होत. आचक्याबरोबर लघवी-शौचाच्या उरल्यासुरल्या प्रतिक्षिप्त क्रिया आणि पुरुषांमधली लैंगिक क्षमताही जाण्याची शक्यता असे. आणि हे परत फिरवता येत नसे. मोजकीच मुळं निवडून कापण्याची सुधारित शस्त्रक्रिया आजही, विशेषतः सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी, होते. पण त्या काळातली सरसकट तोडफोड मागे पडली.

ब्रेस्लाऊहून पळालेला डॉक्टर

फोर्स्टरांच्या हाताखाली एक तरुण ज्यू डॉक्टर शिकत होता. त्याचं नाव लुडविग गुटमान. १९१७ मध्ये, अठराव्या वर्षी, रुग्णालयात स्वयंसेवक असताना त्याने पाठ मोडलेला एक धडधाकट खाणकामगार पाहिला होता. वरिष्ठांनी सांगितलं, याच्या नोंदी ठेवण्यात वेळ घालवू नकोस, काही आठवड्यांत जाईल. तो पाच आठवड्यांत गेला. गुटमान ते कधी विसरले नाहीत.

१९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले आणि ज्यू डॉक्टरांना सरकारी रुग्णालयातून काढलं गेलं. गुटमान ब्रेस्लाऊच्या ज्यू रुग्णालयात गेले. नोव्हेंबर १९३८ मध्ये ज्यूंची घरं, दुकानं, प्रार्थनाघरं जाळली गेली त्या रात्री त्यांनी आदेश दिला की, दाराशी येईल त्याला दाखल करून घ्या. सकाळी गेस्टापोचे अधिकारी आले, तेव्हा एकेका खाटेपाशी उभं राहून त्यांनी आजार सांगितले. साठ माणसं त्या दिवशी अटकेतून वाचली. मार्च १९३९ मध्ये ते कुटुंबासह इंग्लंडला निघून गेले.

१ फेब्रुवारी १९४४ रोजी स्टोक मँडेव्हिल इथे मणक्याच्या जखमींसाठी त्यांचा विभाग सुरू झाला. तिथे त्यांनी आणलेल्या गोष्टी अगदी घरगुती वाटतात. प्लास्टर काढा. रुग्णाला दिवसरात्र दर दोन तासांनी कुशीवर वळवा. लघवीची नळी स्वच्छ हातांनी घाला. सांधे रोज हलवा. पाय आखडणार नाहीत असे ठेवा. रात्री ते स्वतः फेरी मारून रुग्ण वळवला की नाही हे पाहत.

या कामातून आचक्याबद्दल एक मोठी गोष्ट समजत गेली. ज्याची कातडी शाबूत, मूत्राशय निरोगी आणि सांधे मोकळे, त्याचे आचकेही सौम्य. जखम झाली किंवा लघवीत संसर्ग झाला की ते चवताळतात. १९४७ मध्ये गुटमान आणि डेव्हिड व्हिटरिज यांनी दाखवलं की, मज्जारज्जूची इजा वरच्या भागात असेल तर मूत्राशय तुंबताच रुग्णाचा रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत चढतो. रुग्णाला मूत्राशय भरल्याचं कळत नाही, पण शरीर ओरडून सांगत असतं. छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत इजा असलेल्याला अचानक डोकेदुखी आणि घाम सुरू झाला, तर त्याला आधी उठवून बसवावं, नळी दुमडलीय का पाहावं, कपडे सैल करावेत आणि लगेच दवाखाना गाठावा. ही सूचना आज घराघरात माहीत हवी.

मिरगीसाठी बनलेलं, आचक्याला लागू पडलेलं

१९६३ मध्ये बाजारात आलेल्या व्हॅलियमने आचके कमी होत, पण माणूस गुंगीत राही. त्याच्या आदल्या वर्षी बाझेलच्या सिबा कंपनीत हाइनरिख केबर्ले यांनी एक नवा रेणू बनवला. मेंदू आणि मज्जारज्जू स्वतःला शांत ठेवायला ‘गाबा’ नावाचं द्रव्य वापरतात. हा रेणू त्याचाच चुलतभाऊ होता. औषध मिरगीसाठी हवं होतं, पण तिथे ते फार चाललं नाही. आचक्यांवर मात्र लागू पडलं. ते म्हणजे बॅक्लोफेन. अमेरिकेत त्याला १९७७ मध्ये मान्यता मिळाली. सुटलेल्या लगामाची जागा ते थोडीफार भरून काढतं. मुख्य म्हणजे काही कापलं-जाळलं जात नाही, मात्रा कमी-जास्त करता येते.

पण गोळीतलं औषध मज्जारज्जूपर्यंत थोडंच पोहोचतं आणि मेंदूला झोप आणतं. १९८४ मध्ये शिकागोचे रिचर्ड पेन आणि जेफ्री क्रोइन यांनी ते थेट पाठीच्या पाण्यात सोडलं. पोटाच्या कातडीखाली छोटा पंप आणि तिथून मज्जारज्जूपर्यंत बारीक नळी. गोळीची मात्रा मिलिग्रॅममध्ये असते, इथे मायक्रोग्रॅम पुरतात. १९९२ मध्ये या पद्धतीला अमेरिकेत मान्यता मिळाली. एखाद-दुसराच स्नायू छळत असेल तर त्यात बोटॉक्सची सुई देतात. एकेकाळी जर्मनीत खराब सॉसेज खाऊन माणसं ज्या विषाने मरत, तेच हे विष, अत्यल्प मात्रेत.

मोजण्याची रीतही बदलली. १९६४ ची ॲशवर्थ मोजपट्टी डॉक्टरने पाय वाकवून किती अडकतो ते पाहण्याची. पेन यांच्या मोजपट्टीत रुग्णालाच विचारतात, तासाला किती आचके येतात?

आमच्या घरात

बॅक्लोफेनची गोळी मामूंना दुसऱ्या वर्षी सुरू झाली. ओढणी सुटली. पंपाचा खर्च लाखांच्या घरात, तो विषयच नव्हता. पण गोळी, रोजचा व्यायाम आणि पोटावर झोपणं यावर दिवस बरे चालले होते.

एप्रिल २०२० मध्ये लॉकडाऊनमुळे गोळी मिळेना. मी म्हणालो, चार दिवस नाही घेतली तर काय बिघडतंय? तिसऱ्या रात्री पाय असे ताठरले की पलंग हलू लागला. अंगात ताप भरला. मामूंना भिंतीवर माणसं दिसायला लागली. फोनवर डॉक्टरांनी आधी मला झापलं. हे औषध एकदम थांबवलं तर भास होतात, फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो. बंद करायचं तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवावं लागतं. मामेभावाने पोलिसांना चिठ्ठी दाखवत सांगलीहून गोळ्या आणल्या.

दुसरी चूक २०२२ ची. आचके अचानक वाढले. मीच म्हणालो, गोळी वाढवू या. आम्ही वाढवली, कुणाला न विचारता. मामू दिवसभर पेंगू लागले, आचके तसेच. तीन आठवड्यांनी एक सिस्टर नळी बदलायला आल्या. त्यांनी गोळीचं काही विचारलंच नाही. म्हणाल्या, “यांना जरा कुशीवर वळवा.” बैठकीच्या हाडावर रुपयाएवढी काळसर जखम होती. पायांना ती तीन आठवड्यांपासून माहीत होती. आम्ही त्यांना गप्प करण्यात गुंतलो होतो.

जखम भरायला दोन महिने लागले. आचके पूर्वीइतके झाले, गोळीही डॉक्टरांनी पूर्वीच्या मात्रेवर आणली. तेव्हापासून आचके वाढले की आम्ही आधी यादी तपासतो. नळी तुंबलीय का, लघवी गढूळ आहे का, पोट साफ झालंय का, कातडी लाल आहे का, नख रुतलंय का, कपडा किंवा पट्टा आवळतोय का. यातलं काही सापडलं नाही, तर मग डॉक्टर.

आपल्याकडे या विषयाची परंपरा नाही असं नाही. वेल्लोरच्या डॉ. मेरी व्हर्गीस १९५४ च्या अपघातात स्वतः कमरेखाली लुळ्या झाल्या, आणि खुर्चीत बसून त्यांनी तिथे पुनर्वसनाचा विभाग उभा केला. पुण्याजवळ खडकीला जखमी जवानांसाठी १९७४ पासून केंद्र आहे. आणि आमच्याच सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या, त्यातली एक मणक्यात रुतून राहिली. १९४८ मध्ये गुटमान यांनी १६ जखमी सैनिकांना घेऊन रुग्णालयाच्या हिरवळीवर तिरंदाजीची स्पर्धा भरवली होती, तिचंच पुढे पॅरालिंपिक झालं. १९७२ मध्ये ती स्पर्धा जर्मनीतल्या हायडेलबर्गला, म्हणजे गुटमान जिथून पळाले त्या देशात, भरली. तिथे पेटकरांनी ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक जिंकलं.

पण परांचीवरून पडलेल्या रंगाऱ्याच्या घरापर्यंत यातलं काहीच पोहोचत नाही. दवाखान्यातून सुटी मिळाली तेव्हा आमच्या हातात बिल, औषधांची चिठ्ठी आणि एक्स-रे होता. दर दोन तासांनी कूस बदला, हे १९४४ पासून ठाऊक असलेलं वाक्य त्यात नव्हतं.

मामू आता वही ठेवतात. उर्दूत, बारीक अक्षरात. मागच्या आठवड्यात पाहिली तर एका पानावर तारीख होती आणि खाली एवढंच, “सुबह तीन झटके. नली मुड़ी हुई थी. सीधी की. बंद.”